आयात अँगस वळू कळपात आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांसासाठी गुरं पाळणारे लोक अँगस या मांसाच्या जातीच्या वळूबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळीकडे माझा आग्रह मात्र एकच दिसेल: वळू बघायला निघण्याआधी आपल्या गायी नीट बघा.

१. अँगस मूळची कुठली? तिचं एवढं नाव कशामुळे झालं?

स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या अ‍ॅबर्डीनशर आणि अँगस या भागांतली. तिथल्या काळ्या, भुंड्या गुरांना लोक ‘डॉडी’ आणि ‘हमली’ म्हणायचे. ह्यू वॉटसन यांनी १८०८ पासून त्यांतली निवडक गुरं जमवून पद्धतशीर पैदास सुरू केली. त्यांचा ‘ओल्ड जॉक’ हा वळू जातीच्या वंशावळीत पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला, आणि ‘ओल्ड ग्रॅनी’ ही त्यांची गाय पस्तीस वर्षं जगून २९ वासरं देऊन गेली. वंशावळीची पहिली नोंदवही १८६२ साली छापली गेली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं साल १८७३. त्या वर्षी जॉर्ज ग्रँट यांनी स्कॉटलंडहून चार अँगस वळू अमेरिकेत कॅन्ससला नेले आणि तिथल्या लांब शिंगांच्या गायींना लावले. वासरं भुंडी निघाली, हिवाळा त्यांनी चांगला काढला आणि वसंतात ती इतरांपेक्षा वजनदार भरली. आयात वळूने कळप सुधारण्याचं हे जुनं आणि स्पष्ट उदाहरण आहे.

जातीची ओळख सांगायची तर वासरं जन्मताना आटोपशीर असतात आणि जन्मल्यावर लवकर उभी राहतात. कालवडी लवकर वयात येतात, आई म्हणून गाय चांगली असते, शिंगं नसतात आणि मांसात चरबीची बारीक जाळी, म्हणजे मार्बलिंग, सहज धरते. ऊन आणि गोचीड या दोन ठिकाणी मात्र ती कमी पडते (प्रश्न १२ आणि १३).

२. माझ्याच कळपातला चांगला खोंड ठेवला तर काय बिघडलं? आयात वळूच का हवा?

हवा तो गुण तुमच्या कळपात असेल तर काहीच बिघडत नाही. पण नसेल, तर आतल्या आत निवड करून तो येणार नाही, आणि आला तरी फार वर्षं घेईल. शिवाय आपलाच खोंड आपल्याच कळपाला लावत राहिलं की नातं जवळ येत जातं (प्रश्न १५).

वळूवर एवढा भर का, ते साध्या हिशेबात पाहा. गाय वर्षाला एक वासरू देते, वळू पंचवीस-तीस देतो. तुम्ही मुली कळपातच ठेवल्यात आणि लागोपाठ तीन पिढ्या बाहेरचे वळू वापरलेत, तर तिसऱ्या पिढीच्या वासरात साडेसत्याऐंशी टक्के वाटा त्या तीन वळूंचा असतो. मूळ गायीचा उरतो साडेबारा टक्के. म्हणजे आज निवडलेला वळू दहा वर्षांनंतरचा कळप ठरवत असतो.

तरीही ‘आयात’ या शब्दाला भुलू नका. त्याच रक्ताचा वळू तुमच्यासारख्याच चाऱ्यावर आणि तुमच्यासारख्याच हवेत वाढलेला मिळत असेल, तर मी आधी तोच पाहीन.

३. जिवंत वळू आणू, रेत आणू की भ्रूण?

मोठा कळप असेल, गायी दूरवर चरत असतील आणि रोज माज बघायला माणूस नसेल, तर जिवंत वळू. तो माज चुकवत नाही. पण प्रवास, विलगीकरण, नव्या हवेशी जुळवून घेणं आणि एखाद्या आजाराने सगळं भांडवल एका झटक्यात जाणं, हे धोकेही त्याच्याबरोबर येतात.

गोठवलेलं रेत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं आणि जगातल्या उत्तम, हजारो वासरांवर पारखलेल्या वळूंपर्यंत तुम्हाला पोचवतं. अडचण असते ती हाताळणीची. अर्ध्या मिलीलिटरची कांडी (रेत भरलेली बारीक नळी) ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात सुमारे पाऊण मिनिट वितळवायची, पुसून कोरडी करायची आणि पंधरा मिनिटांच्या आत वापरायची. ‘चांगल्या वळूचं रेत घेतलं पण गाभ धरलं नाही’ अशा तक्रारींत मी कंटेनर उघडताना समोर उभा राहून पाहिलं आहे. हवी ती कांडी शोधताना सगळा डबा कंटेनरच्या तोंडाच्या वर अर्धा-अर्धा मिनिट उचलून धरलेला असतो. वापरलेली एक कांडी सोडा, डब्यातल्या उरलेल्या सगळ्या कांड्या तेव्हाच खराब व्हायला लागतात.

भ्रूणाचा मार्ग महाग आणि कौशल्याचा, पण एक फायदा असा की शुद्ध अँगस वासरू स्थानिक गायीच्या पोटी जन्मतं, तिचा चीक पितं आणि जन्मापासून तिथल्याच हवेत वाढतं. गोचीडताप असलेल्या भागात ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे (प्रश्न १२).

मला विचाराल तर पहिली दोन वर्षं काही गायींवर रेत वापरून बघा. वासरं कशी उतरतात ते डोळ्यांनी पाहा, मग जिवंत वळूत पैसा घाला.

४. वळू निवडताना सगळ्यात आधी काय पाहायचं?

तुमच्या कळपाची वही. किती गायी गाभ धरत नाहीत, किती अडतात, दूध तोडताना वासरं किती भरतात, गुरं विकताना भाव कशामुळे कमी मिळतो. यांतलं कोणतं दुखणं खरं आहे ते ठरल्याशिवाय वळू निवडणं म्हणजे आजार न बघता औषध आणणं.

त्यानंतरचा प्रश्न: मुली कळपात ठेवणार की सगळी वासरं विकणार? सगळी विकणार असाल तर वाढ, मांसलपणा आणि मार्बलिंग यांवर जोर द्या. वळूच्या मुली किती दूध देतात याच्याशी तुमचा संबंधच नाही. मुली ठेवणार असाल तर सगळा क्रम बदलतो. मग त्यांचं लवकर वयात येणं, सहज विणं, पाय, खूर, कास, स्वभाव आणि पूर्ण वाढल्यावरचं वजन आधी. एकाच वळूत दोन्हीकडचं टोक शोधणाऱ्यांची बहुतेक वेळा निराशा होते.

आकडे कागदावर बघून झाले की वळूला चालताना बघा. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडतो का, खूर कात्रीसारखे एकमेकांवर चढलेत का, मागचे पाय फार सरळ खांबासारखे आहेत का. उडी मारताना सगळा भार मागच्या पायांवर येतो, आणि पाय गेलेला वळू कितीही कुलवान असला तरी गाय फळवू शकत नाही.

५. कागदावर ईपीडी आणि ईबीव्ही असे आकडे असतात. ते वाचायचे कसे?

दोन्ही आकडे वळूच्या आनुवंशिक गुणांचा अंदाज देतात. वळू स्वतः किती वजनाचा आहे हे त्यांतून कळत नाही. ईबीव्ही त्या जनावराचं स्वतःचं पैदास-मूल्य सांगतो. त्यातलं निम्मं वासरात उतरतं. ईपीडी हा आधीच निम्मा केलेला आकडा, म्हणजे वासरांत किती फरक दिसेल ते थेट सांगणारा.

समजा दूध तोडतानाच्या वजनासाठी एका वळूचा ईपीडी अधिक २५ किलो आणि दुसऱ्याचा अधिक १५ किलो आहे. दोघांना सारख्याच गायी आणि सारखाच चारा मिळाला, तर पहिल्याची वासरं सरासरी १० किलो जास्त भरतील. आकडे ईबीव्ही असते, तर हाच फरक ५ किलोंचा झाला असता. एकटा आकडा हातात धरून काही कळत नाही. दोन वळूंमधला फरक तेवढा अर्थाचा.

यात दोन चुका फार होतात. एक, वेगवेगळ्या देशांतल्या मूल्यांकनांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं. प्रत्येकाचा पाया आणि मोजपट्टी वेगळी असते, म्हणून अमेरिकेतला अधिक २५ आणि ऑस्ट्रेलियातला अधिक २५ हे एक नव्हेत. त्याऐवजी आपल्या जातीत त्या वळूचा क्रम वरून कितव्या टक्क्यात लागतो ते पाहा. दुसरी चूक म्हणजे अचूकतेचा रकाना न वाचणं. वर्षाच्या खोंडाचा आकडा आईबापांवरून आणि स्वतःच्या वजनांवरून काढलेला असतो, तो पुढे वर-खाली होणारच. जनुकीय चाचणी केलेली असेल तर तो थोडा पक्का होतो. शेकडो वासरं नोंदलेल्या वळूचा आकडा मात्र फारसा हलत नाही. म्हणून एका तरुण वळूवर सगळा कळप सोपवण्यापेक्षा दोन-तीन तरुण वळू घेतलेले बरे.

६. अँगस वळू विण्याला सोपे असतात म्हणे. मग पहिल्या वेताच्या कालवडींना कोणताही अँगस चालेल ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत महागात पडतो.

जातीच्या सरासरीने अँगस सोपा आहे, पण जातीच्या आत फरक प्रचंड आहे. वाढीसाठी निवड करत नेलेल्या काही ओळींत जन्मवजनही वाढलेलं असतं. जन्मवजनाचा गुण आनुवंशिक आहे, वासरात उतरतो.

एका कळपात हे मी जवळून पाहिलं. वळू दिमाखदार, वर्षाच्या वजनाच्या आकड्यात जातीच्या वरच्या रांगेतला. विण्याच्या सुलभतेचा रकाना कोणी वाचलाच नव्हता. पहाटे तीनला कालवड आडवी पडलेली, पुढचे दोन पाय बाहेर, खूर सरळ, म्हणजे वासरू योग्य बाजूने येत होतं. पण हात घातला तर पायांच्या वर नाकाला यायला जागाच नव्हती, आणि पायाचं हाड माझ्या मनगटाएवढं जाड. साखळ्या लावून, तिच्या कळेबरोबरच ओढायचं, कळ थांबली की थांबायचं, असं करत पाऊण तासाने वासरू आलं. जीभ सुजून निळी पडलेली. ते जगलं. कालवड मात्र तीन दिवस मागच्या पायांवर उभी राहू शकली नाही आणि पुढच्या हंगामात गाभ राहिली नाही. त्या वर्षी तिथे अशा सात कालवडी होत्या.

म्हणून कालवडींसाठी वळू घेताना दोन वेगळे आकडे पाहा: त्याची स्वतःची वासरं किती सहज जन्मतात, आणि त्याच्या मुली पुढे किती सहज वितात. पहिला चांगला म्हणजे दुसराही चांगला असं समजू नका. नुसतं जन्मवजन खाली खाली नेलं तर मुलीही अंगाने बारीक आणि कमरेत अरुंद होत जातात. कालवड भरवताना ती पूर्ण वाढीच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के भरलेली असावी. ती तेवढी नसेल तर सोपा वळूही तिला वाचवत नाही.

७. सगळी वासरं काळी आणि भुंडीच होतील का?

बहुतेक. काळा रंग लाल रंगावर प्रबळ असतो आणि भुंडेपणा शिंगांवर प्रबळ असतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. वळूत दोन्ही प्रती काळ्याच्या आणि दोन्ही भुंडेपणाच्या असतील तर शिंगाळ, लाल गायींचीही वासरं काळी आणि भुंडी होतात. हरफर्ड गायींची वासरं काळ्या अंगाची आणि पांढऱ्या तोंडाची, शारोले जातीच्या गायींची धुरकट राखाडी निघतात, कारण तिथे दुसरी जनुकंही काम करतात.

काळ्या वळूत लाल रंगाची लपलेली प्रत असू शकते. गायीतही ती असली तर लाल वासरू येतं. त्यात भेसळ नाही. लाल अँगस हीही तशीच जात आहे, अमेरिकेत तिची स्वतंत्र नोंदणी १९५४ पासून होते. वशिंडाच्या गुरांशी संकर केला की कधीकधी नर वासरांच्या डोक्यावर कवटीला न चिकटलेली हलती शिंगं येतात. तिथे भुंडेपणाचा नियम तितका सरळ चालत नाही.

८. संकरित जोम म्हणजे काय, आणि तो किती वर्षं टिकतो?

दोन वेगळ्या जातींच्या संकरातलं वासरू आईबापांच्या सरासरीपेक्षा सरस ठरतं, त्या जादा भागाला संकरित जोम म्हणतात. युरोपीय जातींच्या आपसातल्या संकरात दूध तोडतानाच्या वजनात तो साधारण ५ टक्के दिसतो. वशिंडाची जात आणि अँगस अशा दूरच्या संकरात तो त्याहून कितीतरी जास्त असतो.

खरी कमाई मात्र संकरित गायीत असते. गाभ धरणं, वासरू जगवणं, जास्त वर्षं कळपात टिकणं, हे गुण निवडीने फार हळू सुधारतात. पण जोमाचा फायदा त्यांनाच सगळ्यात जास्त मिळतो. म्हणून पहिल्या पिढीच्या कालवडी विकून टाकू नका. त्याच तुमचं धन आहेत.

आता टिकण्याचं. पहिल्या पिढीच्या मुलीला पुन्हा अँगसच लावला तर तिच्या वासरात जोम निम्मा उरतो, त्याच्या पुढच्या पिढीत पाव. लागोपाठ अँगस वळू आणत राहिलात तर तुम्ही शुद्ध अँगसकडे चाललात, जोम मागे सोडत. ते जाणून करत असाल तर ठीक. नाहीतर मुलींना दुसऱ्या जातीचा वळू लावा, किंवा दोन जातींचे वळू आलटून पालटून ठेवा.

९. एका वळूला किती गायी?

पूर्ण वाढलेल्या, तपासलेल्या वळूला २५ ते ३०. वर्ष-सव्वा वर्षाच्या खोंडाला त्याच्या वयाचे जितके महिने तितक्याच गायी, म्हणजे १२ ते १५. कुरण डोंगराळ किंवा फार पसरलेलं असेल तर आकडा आणखी कमी धरा. दोन वळू सोडायचे असतील तर एकाच वयाचे, आणि गायींत जाण्याआधी काही आठवडे एकत्र राहिलेले सोडा, म्हणजे भांडणं आधीच मिटलेली असतील.

१०. वळू उतरला की लगेच कळपात सोडला तर चालेल?

नको. आधी विलगीकरण. ते किती दिवसांचं आणि कोणत्या तपासण्यांचं, हे दोन्ही देशांच्या पशुआरोग्य नियमांवर ठरतं. कागदाची पूर्तता झाली तरी आपल्या गोठ्यावर त्याला महिनाभर वेगळं ठेवा. बीव्हीडी आणि आयबीआर (दोन्ही विषाणूंचे आजार), जोन्सचा आजार (आतड्याचा), लेप्टोस्पायरा (जिवाणूंचा) यांच्या तपासण्यांचे निकाल पशुवैद्याबरोबर बसून वाचा. पूर्वी गायींवर वापरलेला वळू असेल तर ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे भरवण्यातून पसरणारे रोगही तपासून घ्या. वळू बाहेरून ठणठणीत दिसतो. चूक कळते ती तीन महिन्यांनी, गायी उलटायला, म्हणजे पुन्हा माजावर यायला, लागल्यावर (प्रश्न १९).

विक्रीसाठी तयार केलेले बरेच वळू खुराकावर गुबगुबीत केलेले असतात. एकदम नुसत्या कुरणावर सोडले तर ते दोन महिन्यांत ढासळतात. खुराक हळूहळू कमी करा आणि वैरण वाढवा. पाणी लांब ठेवा, म्हणजे त्याला चालण्याची सवय लागेल.

अजून एक गोष्ट, जी फारसं कोणी लक्षात घेत नाही. उत्तर गोलार्धातून दक्षिणेत किंवा उलट नेलेला वळू हिवाळ्याचे दाट केस घेऊन भर उन्हाळ्यात उतरू शकतो. अंगावरून हात फिरवा. केस लांब, आतून लोकरीसारखे लागले तर तो सावलीतही धापा टाकणार. ते केस झडून गुळगुळीत आवरण येईपर्यंत त्याच्याकडून कामाची अपेक्षा धरू नका. शक्य असेल तर वळू थंडीच्या सुरुवातीला आणा आणि पुढच्या हंगामात वापरा.

११. वळू प्रजननक्षम आहे हे कसं ओळखायचं? पूर्वीची वासरं पुरेसा पुरावा नाही का?

नाही, कारण गेल्या वर्षीचा वळू आणि आजचा वळू एक नसतो. रेतपेशी तयार व्हायला साधारण ६० दिवस लागतात. प्रवासातला ताण, ताप, उष्णतेचा झटका, यांतलं काहीही झालं तर त्याचा परिणाम पुढचे दोन महिने राहतो.

म्हणून दर हंगामाआधी, सोडण्यापूर्वी महिना-दोन महिने, पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. प्रचलित निकषानुसार १५ महिन्यांपर्यंतच्या वळूच्या अंडकोषाचा घेर निदान ३० सेंटीमीटर आणि दोन वर्षांवरच्याचा ३४ सेंटीमीटर हवा, हालचाल करणाऱ्या रेतपेशी किमान ३० टक्के आणि सामान्य आकाराच्या ७० टक्के हव्यात. मोठा घेर नुसता वळूच्या कामाचा नाही, त्याच्या मुलीही लवकर वयात येतात. या तपासणीत वळूची इच्छा मात्र कळत नाही. ती पहिल्या आठवड्यात कुरणावर उभं राहूनच बघावी लागते.

१२. आमच्याकडे गोचीड खूप. अँगस तिथे तग धरेल?

वळू म्हणून थोडे दिवस कदाचित, तेही तयारी करून. इथे मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण या एका कारणाने उतरल्यानंतर काही आठवड्यांत मेलेले वळू मी पाहिले आहेत.

गोचीड रक्त पिते हे दुखणं लहान. मोठं दुखणं ती रक्तात जे जंतू सोडते ते. बबेसिया रक्तपेशी फोडतो आणि लघवी लालसर होते. अ‍ॅनाप्लाझ्मामध्ये डोळ्यांचा पडदा पिवळा, फिकट पडतो. थायलेरियात खांद्यापुढच्या आणि कानाखालच्या गाठी सुजतात. गोचीड असलेल्या भागात जन्मलेल्या वासरांना लहान वयातच संसर्ग होतो, त्या वयात ती तो सहसा सहज पचवतात आणि पुढे सुरक्षित राहतात. गोचीड नसलेल्या थंड देशातून आलेला दोन वर्षांचा वळू या जंतूंना पहिल्यांदाच भेटतो, आणि मोठ्या वयात पहिली भेट फार कडक होते.

जिथे दुर्बल केलेल्या जिवंत जंतूंची लस मिळते, तिथे ती गोचिडांशी गाठ पडण्याच्या कित्येक आठवडे आधी टोचून घ्यावी. लशीने ताप येऊ शकतो, तेव्हा भरवण्याच्या हंगामात ती टोचू नका (प्रश्न ११ मधले ६० दिवस आठवा). लस नसेल तर वळू गोचीडमुक्त आवारात ठेवून त्याचं रेत वापरा, नाहीतर भ्रूणाचा विचार करा (प्रश्न ३). रोज सकाळी शेपटीखाली, कासेच्या जागी, कानात हात फिरवा. आणि खाणं सोडलं त्याच दिवशी ताप मोजा, लघवी लाल व्हायची वाट पाहू नका.

१३. उष्ण प्रदेशात कळपात अँगसचा वाटा किती असावा?

एकच आकडा सगळीकडे लागू नाही, पण अनुभवाने ठरलेला एक टप्पा आहे. ब्रँगस ही जात ३/८ ब्राह्मण (अमेरिकेत भारतीय वशिंडाच्या गुरांपासून घडवलेली जात) आणि ५/८ अँगस अशी बांधलेली आहे. ऊन आणि गोचीड सहन व्हावी, पण मांसाची प्रत अँगसकडे झुकावी, हा त्यामागचा विचार. ऊन खूप, चारा निकृष्ट आणि गोचीड भरपूर असेल तर निम्म्याच्या वर जाऊ नका. शुद्ध अँगस वळूला तिथे सावली, पाणी आणि थंड महिन्यांतला भरवण्याचा हंगाम लागतोच. ते जमणार नसेल तर ब्रँगस वळू घ्या. तो गायींच्या मागे भर उन्हातही फिरतो. सावलीत बसून राहिलेल्या शुद्ध वळूपेक्षा फिरणारा संकरित वळू जास्त वासरं देतो.

१४. अँगसमध्ये आनुवंशिक दोष आहेत असं ऐकलं. घाबरावं का?

घाबरू नका, चाचणीचा कागद मागा. २००८ मध्ये वाकड्या कण्याच्या, ताठ पायांच्या, मेलेल्या जन्मणाऱ्या वासरांचा दोष जनुकीय असल्याचं स्पष्ट झालं. त्याची खूण एएम. त्यापाठोपाठ डोक्यात पाणी भरणाऱ्या वासरांचा एनएच, लांब-लुकड्या वासरांचा सीए आणि जादा अवयवांचा डीडी यांच्याही चाचण्या आल्या. दोष छुपे आहेत: वासरू बाधित व्हायला आई आणि बाप दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. वाहक वळू स्वतः अगदी निरोगी दिसतो.

हिशेब असा. वाहक वळू आणि दोषमुक्त गाय: एकही वासरू बाधित नाही, पण निम्मी वाहक. वाहक वळू आणि वाहक गाय: चारांत एक बाधित. म्हणून ज्या कळपात अँगस रक्त नाही, तिथे पहिला वाहक वळू काहीच त्रास देत नाही, आणि मालक निश्चिंत होतो. त्रास सुरू होतो दुसरा अँगस वळू आल्यावर, कारण आता कळपात पहिल्याच्या वाहक मुली उभ्या असतात. सगळी वासरं विकणार असाल तर वाहक वळूही चालून जातो. मुली ठेवणार असाल तर दोषमुक्तच घ्या.

१५. एक वळू किती वर्षं ठेवावा?

त्याच्या मुली भरवायला येईपर्यंत, म्हणजे दोन हंगाम निर्धास्त. तिसऱ्या हंगामात त्याची पहिली मुलगी चौदा-पंधरा महिन्यांची होते. बाप-मुलीच्या वासरात अंतःप्रजनन २५ टक्के होतं, आणि त्याचा फटका आधी जगण्याला आणि प्रजननाला बसतो. तरुण कालवडींसाठी वेगळा वळू आणि वेगळं कुरण असेल तर चांगला वळू पाच-सहा वर्षंही वापरता येतो. दुसरा वळू आणताना त्याचा बाप आणि आजोबा पहिल्याचेच नाहीत ना, ते वंशावळीत बघा. गाजलेल्या वळूंचं रक्त देशोदेशी पसरलेलं असतं, दोन वेगळ्या देशांतून आणलेले वळूही एकाच आजोबाचे निघतात.

१६. काळं आणि भुंडं म्हणजे अँगस, असं धरून घेतलं तर?

फसाल. काळा रंग आणि भुंडेपणा दोन्ही प्रबळ असल्याने पाव अँगस जनावरही तसंच दिसू शकतं. नोंदणी क्रमांक, कानातला किंवा अंगावरचा गोंदलेला क्रमांक आणि डीएनएवरून पक्कं केलेलं पितृत्व, हे तिन्ही एकमेकांशी जुळवून पाहा.

१७. आमची कुरणं खूप उंचावर आहेत. काही वेगळं बघावं लागेल का?

हो. साधारण १५०० मीटरच्या वर विरळ हवेत काही जनावरांच्या फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढतो, उजवं हृदय थकतं आणि छातीच्या पोळीत पाणी साचतं. ही प्रवृत्ती वंशात उतरते. सखल भागातून आलेल्या वळूचा हा दाब उंचावर काही आठवडे राहिल्यानंतर मोजून घ्या. सखल भागात मोजलेला आकडा भरवशाचा नसतो.

१८. फरक दिसायला किती वर्षं लागतात?

गाभ साधारण २८३ दिवसांचा, अँगसचा त्याहून काही दिवस कमी. म्हणजे वासरं दुसऱ्या वर्षी, दूध तोडतानाचं वजन त्याच वर्षी, मांसाची प्रत तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मुलींबद्दल बोलायचं तर त्या दुसऱ्यांदा गाभण राहिल्याशिवाय मी मत देत नाही, आणि त्याला चार-पाच वर्षं जातात.

१९. वळू तपासलेला, आकडे उत्तम, तरी गायी तीन-तीन आठवड्यांनी उलटतात. दोष वळूचा का?

असेलच असं नाही. आधी गायींचं अंग बघा: बरगड्या मोजता येत असतील आणि वासरू पीत असेल, तर गाभच नीट धरत नाही. अंग ठीक असेल तर वळूची पुन्हा तपासणी, गेल्या दोन महिन्यांत ताप येऊन गेला का याची चौकशी. तेही ठीक असेल आणि गायी गाभ धरून दोन-तीन महिन्यांनी परत माजावर येत असतील, तर ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टरचा संशय पक्का होतो. मग तो वळू कोणालाही उसना देऊ नका आणि हंगाम पुढे रेटू नका.

२०. दहा वर्षं वाढीचे आकडे बघून अँगस वळू आणले. वासरं वजनदार झाली, पण आता गायी मोठ्या आहेत आणि दुसऱ्या वेताला रिकाम्या राहतात. कुठे चुकलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा जवळजवळ नेहमी कष्टाळू, नोंदी ठेवणारा माणूस असतो. चूक एवढीच की वाढ आणि गायीचं मोठं अंग ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. वर्षाच्या वजनासाठी निवड केली की पूर्ण वाढीचं वजनही ओढलं जातं. ५०० किलोची गाय ६०० किलोची झाली की निव्वळ अंग राखायला तिला जवळपास १५ टक्के जास्त चारा लागतो. त्यात दुधाचा आकडाही वर नेलेला असेल तर भूक आणखी वाढते. कुरण मात्र तेवढंच राहिलं. मग गाय आधी वासराला पाजते, मग स्वतःचं अंग राखते, आणि गाभ धरणं सगळ्यात शेवटी येतं. पहिलटकरीण स्वतःही वाढत असते, म्हणून ती सगळ्यात आधी रिकामी राहते.

सुधारायला वेळ लागेल. यंदा दूध तोडताना वासरांबरोबर गायीही वजनकाट्यावर घ्या आणि वासराचं वजन गायीच्या वजनाने भागून लिहा. बहुतेक कळपांत वरच्या रांगेत मधल्या अंगाच्या गायी निघतात. कालवडी ठेवताना भरवण्याच्या पहिल्या २१ दिवसांत गाभ राहिलेल्या गायींच्याच मुली ठेवा, दिसायला कितीही साध्या असल्या तरी. पुढच्या वळूसाठी वाढीत जातीच्या मधल्यापेक्षा थोडा वर, पूर्ण वाढीच्या वजनात मधला किंवा खाली, दुधात मधला, असा माणसाळलेला, चांगल्या पायांचा वळू शोधा. जास्त वाढ हवीच असेल तर एक वेगळा वळू ठेवा, मोठ्या वयाच्या गायी त्याला लावा आणि त्याची सगळी वासरं, कालवडींसकट, विकून टाका.